दुखण्याची आणेवारी : एका पेशंटची केस आणि आमच्या पीएचसीतलं ट्रेनिंग

पुरुष, वय ५४, यवतमाळ जिल्हा. दीड एकर कोरडवाहू अन् बाकी वर्षभर मजुरी. डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, नागपूरला ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, त्याला वर्ष होऊन गेलं. आता जबड्याखाली आणि मानेत गाठ परत आलीय, गालावर बाहेरून जखम फुटलीय, आणि तिकडच्या डॉक्टरांनी फाईलवर लिहून दिलंय की यापुढचे उपचार त्रास कमी करण्यापुरतेच. तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. वजन ४१ किलो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला, वयाच्या पंधराव्या वर्षापासून.

घरच्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव देणार नाही. मी इथल्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर (एमओ) आहे, सातवं वर्ष चालू आहे. ही केस एवढी सविस्तर लिहायचं कारण असं की पेन मॅनेजमेंटच्या, म्हणजे दुखणं कमी करण्याच्या, तीन सीएमई (डॉक्टरांसाठीचे प्रशिक्षण वर्ग) करूनही जे माझ्या ओपीडीत आलं नव्हतं ते या एका माणसामुळे आलं, आणि माझ्या एकटीत नाही तर सिस्टर, फार्मासिस्ट, आशाताई सगळ्यांच्या कामात आलं, ते कसं आलं हे बाकीच्या एमओंना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, कापूस वेचणी जोरात. काका-काकू सकाळी आठलाच येऊन बाकावर बसायचे कारण नऊला काकूंना वेचायला पोचायचं असायचं, वेचणीची मजुरी किलोवर, उशीर झाला की तेवढा कापूस दुसऱ्याच्या ओट्यात जातो. इंजेक्शन घ्यायचे अन् जायचे. त्या दिवशी काकूंनी जुने केसपेपर पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले, कोणीतरी बाहेर मागितले होते म्हणून, आणि मी ते सहज चाळले. १९ केसपेपर होते. सगळ्यांवर तेच, सी/ओ पेन, सीए चीक, म्हणजे तक्रार दुखण्याची, कॅन्सर गालाचा, खाली डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅम इंजेक्शन, कधी सोबत ट्रॅमाडॉल ५० 'दुखलं तर'. कुठे दुखतं, किती दुखतं, कसं दुखतं, रात्री झोप लागते का, एकाही कागदावर नव्हतं. त्यातले अकरा कागद माझ्या अक्षरातले होते.

डायक्लोचं इंजेक्शन दोन दिवसांच्या वर चालवू नये हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. तरी १९ दिवस चाललं, कारण ड्युटी डॉक्टर बदलत राहिले, रोज नवा केसपेपर, आणि रोज त्या दिवसापुरतं दुखणं. किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, पाठवलं तर १.६ आलं, अन् अंगावर मांस न राहिलेल्या ४१ किलोच्या माणसात १.६ म्हणजे दिसतं त्यापेक्षा किडनी जास्त बिघडलेली असते. पोटातही आग होत होती, ती त्यांनी सांगितली नव्हती कारण आम्ही विचारलीच नव्हती.

आता सीएमईबद्दल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे आम्ही सगळेच सीएमईला जातो, मी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरला पेनची एक दिवसाची केली होती. वक्ते चांगले होते, तयारी करून आलेले होते, नर्व्ह ब्लॉक दाखवले, स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर दाखवले, डब्ल्यूएचओची १९८६ ची तीन पायऱ्यांची शिडी समजावली, म्हणजे आधी पॅरासिटॅमॉल आणि डायक्लोच्या जातीची औषधं, मग ट्रॅमाडॉल-कोडीन, मग मॉर्फिन, आणि २०१८ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ती शिडी सक्तीचा नियम राहिली नाही, नुसती दिशा दाखवायला ठेवलीय हेही सांगितलं. मी नोट्स काढल्या. ती वही माझ्या टेबलाच्या खणात होती आणि त्याच टेबलावर मी अकरा वेळा डायक्लो लिहिलं. माहिती माझ्याकडे होती. ऐंशी पेशंटच्या ओपीडीत, तोंड न उघडणाऱ्या अन् तक्रार करायला लाजणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत दुखणं कसं विचारायचं, हे तेवढं मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी कोणाला विचारलं नव्हतं.

मग मी वहीतल्यासारखं विचारलं. काका, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही अन् दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाच." काकू लगेच, "पाच कायचं, रातभर भितीले डोस्कं टेकवून बसून राह्यतात." मग सहा म्हणाले. मग म्हणाले, "तुमी म्हनान तेवढं, मॅडम." त्यांना वाटत होतं मी काहीतरी मार्क देऊन राहिले आणि आपण होऊन जास्त मागणं बरं दिसत नाही. हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवला तर म्हणाले, हे लेकराचं हाय.

तेव्हा काकूच बोलल्या. "मॅडम, आनेवारीत इचारा नं त्याहिले. सोळा आन्यातलं किती."

काका एक क्षण थांबले नाहीत. "चवदा आने."

रात्री?

"रातच्यानं पंधरा. सोळाच धरा."

आणि इंजेक्शन घेतल्यावर?

"बारा. दोनक घंटे. मंग हायेच चवदा."

मी त्या खुर्चीवर सात वर्षं बसतेय आणि दुखण्याचं इतकं नेमकं उत्तर मला आजवर मिळालं नव्हतं. आण्याच्या जागी नवे पैसे आले १९५७ ला, काका त्याच्या नंतर जन्मलेले, पण आमच्याकडे आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांपैकी पीक किती त्याचा अंदाज, काही गेली नाही. सरकारी कागदावर आता तिला पैसेवारी म्हणतात, ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी परिस्थिती धरतात, आणि दरवर्षी गावोगाव त्याच्यावरून वाद होतात. बांधावर उभं राहून पीक किती आणे आहे हे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो अन् त्याचा अंदाज फारसा चुकत नाही. आणि पैसेवारी तरी एकदा काढून सोडत नाहीत, आधी नजरअंदाज निघते, मग सुधारित, मग अंतिम. आमच्या १९ कागदांवर नजरअंदाजसुद्धा नव्हती.

किती ते मिळालं तसं कसं तेही निघालं. गालात ठणकते. कानात करंट मारल्यावानी चमक येते, एका दमात तीन-चार. दाढेखालून आग होते. अन् दुपट्ट्याचा काठ नुसता लागला तरी चुरचुरते. ठणका म्हणजे गाठीचा, सुजेचा, आणि करंट, आग, काठ लागल्यावरची चुरचुर म्हणजे नस दुखावल्याची, दोन्हीची औषधं वेगळी. हे वर्गीकरण एमबीबीएसला आम्ही इंग्रजीत पाठ केलं आणि पेशंट रोज वऱ्हाडीत सांगत होते, दोन्ही आमच्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नाही. नंतर आमच्या सिस्टरने ओपीडीच्या भिंतीवर कागद लावला, ठणका, कळ, चमक, करंट, आग, सल, रग, मुंग्या, बधिरपणा, आणि प्रत्येकासमोर त्याचा अर्थ. माझ्या मते त्या कागदाने आमच्या इथे जेवढं काम केलं तेवढं कुठल्या पुस्तकाने केलं नाही. दुखण्याचा अभ्यास करणारी आयएएसपी नावाची जागतिक संघटना आहे, तिने २०२० ला दुखण्याची व्याख्या बदलली तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतं म्हणतो ते मानायचं, आणि बोलून सांगणं हा दुखणं दाखवायचा एकच मार्ग नाही. भिंतीला डोकं टेकवून बसणं हा दुसरा.

डायक्लो त्याच दिवशी बंद केलं. पॅरासिटॅमॉल ५००, वजन कमी म्हणून तेवढंच, दिवसातून चारदा चुरून पाण्यात. ट्रॅमाडॉल ५० तीनदा, पण आता 'दुखलं तर' नाही, वेळ झाली की. करंटसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, ट्रॅमाडॉलसोबत देतोय म्हणून आधी झटके कधी आले होते का विचारून घेतलं आणि डोस छोटाच ठेवला. पाणी भरपूर. तिसऱ्या दिवशी आणेवारी अकरा. कानातली चमक कमी, ठणका तसाच. म्हणजे मॉर्फिन लागणार होतं.

मॉर्फिनचं आपल्याकडे असं झालं की १९८५ ला अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला, त्यात परवान्यांची एवढी गर्दी होती की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं, डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिन हातात न घेता पास झाल्या. २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली, आणि आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता आणि ट्रेनिंग घेतलेला एक डॉक्टर असेल तर संस्था ती ठेवू शकते. कायदेशीर अफूचं काम आपल्याच देशात होतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि नीमच आमच्यापासून काही जगाच्या टोकाला नाही. तरी माझ्या पेशंटला अर्धी गोळी मिळवायला ६० किलोमीटर एसटीने जावं लागलं, दोघांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ह्याचा मला अजून राग येतो.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॅलिएटिव्ह युनिटला, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या विभागाला, मी आधी फोन केला, चिठ्ठीत आणेवारीसकट सगळं लिहिलं. तिथल्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून सुरू केली, आणि एरवी दर चार तासांनी देतात ती किडनीमुळे दर सहा तासांनी. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे तयार होतं ते किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंद असली की साठत जातं अन् माणूस गुंगीत जातो. साधी गोळी चमच्यात पाणी घेऊन विरघळते म्हणून तोंड उघडत नसलं तरी अडलं नाही, पण एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी, असं लिहिलेली गोळी कधी चुरायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं, हे मी आता प्रत्येक घरी दोनदा सांगते.

चार वेळा कशा लक्षात ठेवायच्या? काकूंना घड्याळ वाचता येत नाही. तर सकाळची एसटी गावातून वळते तेव्हा पहिली, सहाला. शाळेची दुपारची घंटा झाली की दुसरी. दिवाबत्तीच्या वेळी तिसरी. आणि रात्री बाराला नातीच्या मोबाईलचा अलार्म. आशाताईंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एसटी, घंटा, दिवा आणि मोबाईल अशी चार चित्रं काढून दिली, गोळी दिली की काकू त्याखाली काडीने रेघ मारायच्या, काडी कुंकवात बुडवून. तो कागद माझ्याकडे आहे. पहिले दोन दिवस काका पेंगत होते, तेव्हा काय बघायचं ते आशाताईंना सांगून ठेवलं होतं, हाक मारली की जागे होतात का, आणि मिनिटाला श्वास किती, दहाच्या खाली गेले की लगेच फोन. फोन करायची वेळ आली नाही. चौथ्या रात्री काका पाच तास झोपले. आणेवारी सहा.

आणि मग आमचीच चूक झाली. मॉर्फिनने मळमळ, गुंगी येते ती काही दिवसांत सरते पण बद्धकोष्ठ सरत नाही, जोवर मॉर्फिन तोवर पोट साफ व्हायचं औषध, म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री बिसाकोडिलच्या दोन बारीक गोळ्या होत्या, आख्ख्या गिळायच्या. पुढचं पाकीट आमच्या पीएचसीतून गेलं. खिडकीवर आमच्या फार्मासिस्टने पाकीट देताना सांगितलं, "ही जुलाबाची." काकूंनी ऐकलं, जुलाबाची. घरी गेल्यावर शेजारणीने विचार केला, माणूस घोटभर पेजेवर आहे अन् याला वरून जुलाब कायले लावायचे? त्या गोळ्या डब्यात राहिल्या. कोणीतरी इसबगोल सांगितला, तो दिला, आणि मॉर्फिनवर असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसात इसबगोल आतच घट्ट बसतो. नऊ दिवस पोट साफ नाही, उलट्या, पोट फुगलेलं. हे मॉर्फिननेच झालं म्हणून घरच्यांनी मॉर्फिन बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री आणेवारी पंधरा. रात्री साडेअकराला पुतण्याने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं.

ड्युटीवर सिस्टर एकटी होती. आमच्याकडे रात्री कोणी कण्हत आलं की हात फोर्टविन-फेनर्गन या इंजेक्शनांच्या जोडीकडे जातो, वर्षानुवर्षांची सवय आहे. तिने ॲम्प्यूल काढलंही होतं. पण फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने मोठं लिहून ठेवलं होतं, मॉर्फिनवर आहेत, फोर्टविन देऊ नका, फोन करा. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन, ते मॉर्फिनच्या जागेवर जाऊन बसतं आणि मॉर्फिनला काम करू देत नाही, वरून त्याचा स्वतःचा असर एका मर्यादेपुढे वाढत नाही. तिने ॲम्प्यूल परत ठेवून फोन केला. मी पोचले, तपासलं, खाली दगडासारखा मळ होता. सपोझिटरी, मग एनिमा, पहाटेपर्यंत सिस्टर त्यांच्याजवळ होती. मॉर्फिन आधीच्याच डोसवर परत सुरू. फार्मासिस्ट भाऊंना सकाळी कळलं तेव्हा त्यांना फार लागलं, ते स्वतः संध्याकाळी घरी जाऊन काकूंना सांगून आले की ही पोट साफ व्हायची गोळी आहे, मॉर्फिन चालू आहे तोवर हीही रोज. आमच्या खिडकीवर जुलाबाची गोळी हा शब्द त्या दिवसापासून बंद आहे.

डायक्लो सुटल्यावर किडनी सावरली, क्रिएटिनिन १.२ वर आलं, मग जिल्ह्याच्या डॉक्टरांनी फोनवर डोस चार तासांवर आणला, पाच-पाच मिलिग्रॅम, आणि रात्री दहाचा डोस दुप्पट म्हणजे मधे उठायला नको. मधेच कळ उठली तर दिवसाच्या एकूण डोसचा सहावा हिस्सा जास्तीचा घ्यायचा, इथे तो पाचच आला. कॅलेंडरवर चित्रं वाढली. नातीचा बाराचा अलार्म बंद झाला. आणेवारी तीन-चार.

डिसेंबरमध्ये मी दर गुरुवारी जाता-येता थांबायचे. "कसं हाय काका?" "बरं हाय, मॅडम." मीही समाधानी. त्या सुमारास मी ही केस एका ऑनलाइन वर्गात मांडली. ईको म्हणतात त्या पद्धतीला, २००३ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरांनी हिपॅटायटिस सी साठी सुरू केलेली, दूरच्या गावातला डॉक्टर स्वतःचीच केस मांडतो अन् जाणकार आणि बाकीचे गावातले डॉक्टर मिळून चर्चा करतात, आपल्याकडे केरळातली पॅलियम इंडिया पॅलिएटिव्ह केअरचे वर्ग असेच घेते. मी आकडे सांगितले, डोस सांगितले. एकीने विचारलं, दुखणं उतरल्यावर ते आता दिवसभर काय करतात, रात्री कुठे झोपतात? मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. तीन आणे माहीत होते, माणूस कुठे झोपतो ते माहीत नव्हतं.

आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते तं बाहेरच्या छपरीत झोपून राह्यले. महिना होऊन राह्यला."

डिसेंबरची थंडी, तट्ट्याची छपरी. गेले तर खाटेवर दोन पोती अंथरलेली. दुखतं का म्हणून विचारलं तर नाही म्हणाले, तीनच आणे. मग बाहेर का? काका काही बोलेनात, काकू चुलीकडे बघत राहिल्या, आणि नातीने सांगितलं, आबांच्या गालाचा वास येते म्हणून आबा बाहेर गेले, मी नाक दाबलं होतं एकदा. सहावीतली पोर, सांगताना रडायला लागली.

आम्ही डोस मोजत होतो आणि वास विचारला नव्हता. एवढे दिवस मी गुरुवारी अंगणात उभी राहून बोलायचे, पट्टी सोडून बघितलीच नव्हती. उपाय इतका साधा आहे की लाज वाटते, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून त्याची पूड, जखम सलाईनने धुवायची, पूड भुरभुरायची, वर स्वच्छ धुतलेलं सुती कापड, दिवसातून दोनदा. काकूंनी कुटायला वेगळा छोटा खलबत्ता ठेवला. चार-पाच दिवसांत वास गेला. काका घरात आले, खाट जुन्या जागी, नातीच्या अभ्यासाच्या जागेला लागून. त्या आठवड्यात दुखण्याची आणेवारी तीनची दोन झाली, औषध काहीच वाढवलं नव्हतं.

जानेवारीत आशांच्या महिन्याच्या मीटिंगला जोडून आम्ही दीड-दीड तासाचे तीन वर्ग घेतले. शेजारच्या पीएचसीचे दोन एमओ, सीएचओ (उपकेंद्रातले कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), सिस्टर, फार्मासिस्ट आणि आशाताई सगळे एकत्र, कारण या केसमध्ये चूक जिथे-जिथे झाली ती दोन माणसांच्या मधल्या जागेत झाली, डॉक्टर आणि डॉक्टरच्या मधे, खिडकी आणि घराच्या मधे. स्लाईड नव्हत्या. पहिल्या वर्गात मी ते १९ केसपेपर एकामागून एक वाचले, माझे अकरा माझं नाव सांगून वाचले. खोलीत कोणी बोलत नव्हतं. मग शेजारचे एमओ म्हणाले माझ्याकडेही असेच निघतील, आणि तिथून वर्ग खरा सुरू झाला.

एका सिस्टरने सरळ विचारलं, मॅडम, मॉर्फिनने श्वास थांबतो हे आम्हाला शिकवलंय, ते खोटं का? खोटं नाही. एकदम मोठा डोस दिला, किडनी बघितली नाही, झोपेच्या गोळ्या सोबत दिल्या तर थांबू शकतो. पण तोंडाने, छोट्या डोसपासून, दुखणं बघून वाढवत नेलं तर आधी गुंगी येते, श्वास त्यानंतर मंदावतो, म्हणून गुंगीवर लक्ष ठेवलं की वेळ मिळतो. दुसरा प्रश्न सवयीचा. औषध अचानक बंद केल्यावर अंगाला त्रास होणं वेगळं, आणि औषधाची ओढ लागून माणूस त्याच्या मागे वाहवत जाणं वेगळं, पहिलं शरीराचं आहे, बीपीच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तरी त्रास होतो. ह्या दोन प्रश्नांवर तासभर गेला आणि तो जायलाच हवा होता.

दुसऱ्या वर्गात आशाताईंनी नाटक केलं, एक पेशंट झाली आणि काहीही विचारलं तरी 'बरं हाय' म्हणायची. कशाने ते फुटतं ते बघायचं होतं. 'दुखते का' ने फुटत नाही. 'काल रात्री किती वाजता उठले', 'भाकर चावता येते का', 'कोणत्या कुशीवर झोपता' याने फुटतं. हे प्रश्न त्यांनीच काढले, आम्ही लिहून घेतले.

आणेवारीबद्दल एक सावधगिरी सांगायलाच पाहिजे. ही काही प्रमाणित स्केल नाही, कागदावर आम्ही दहातलाच आकडा लिहितो आणि शेजारी पेशंटचे आणे. अन् ती उलटीही पडते. फेब्रुवारीत गुडघ्याच्या एका आजी आल्या, आमच्या नव्या सीएचओने आणे विचारले, आजी म्हणाल्या दोन, त्याने दोन लिहिलं अन् पॅरासिटॅमॉल देऊन टाकलं. सिस्टरने बघितलं की आजी पायरी उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून राहिल्या. परत विचारलं तर आजींचा हिशोब पिकाचा होता, आणे कमी म्हणजे पीक गेलं, दोन आणे म्हणजे दोनच आणे बरं आहे, चौदा गेलं. तेव्हापासून दोन्ही विचारतो, दुखणं किती आणे अन् आराम किती आणे, बेरीज सोळाच्या जवळपास आली की आकडा लिहायचा.

तिसऱ्या वर्गात मी ठरवलेला विषय राहून गेला कारण आशाताईंनी सिकलसेलची पोरं काढली. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, दुखण्याच्या अटॅकमध्ये पोरं येतात आणि दोन-चारदा आली की इंजेक्शनची सवय लागली म्हणून त्यांच्याकडे बघायची नजर बदलते. एक आशाताई म्हणाल्या, माझ्या बहिणीच्या पोराला असंच बोलले होते, तो मग दवाखान्यात यायचाच बंद झाला. पुढच्या तीन वर्गांसाठी तीच केस घेतोय, त्या पोराला विचारून. पीएचसीच्या मान्यतेसाठी अर्ज टाकलाय, ट्रेनिंग मी पूर्ण केलं, अजून मॉर्फिन आणायला ६० किलोमीटरच.

काका महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात घरीच गेले. शेवटचे दोन दिवस गिळता येत नव्हतं, जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलून विरघळलेलं औषध थेंब-थेंब गालाच्या चांगल्या बाजूला देत होतो. खाट आतच होती.

तेरवीनंतर काकू पीएचसीत आल्या. रुमालाच्या गाठीत उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या, आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की एकही घरात ठेवायची नाही. फार्मासिस्ट भाऊंनी समोर मोजल्या, २३, आणि एक अर्धी. वहीत लिहिलं, जिल्ह्याला परत पाठवायचं पाकीट केलं, काकूंचा अंगठा घेतला. खिडकीपाशी दुसऱ्या गावची एक बाई होती, तिच्या भासऱ्यांना त्याच महिन्यात मॉर्फिन सुरू झालेलं, ती पाकीट हातात धरून गोळ्या उलट्यापालट्या करून बघत होती. काकूंनी तिच्या हातातलं पाकीट घेतलं, बारीक गोळी बाजूला काढली अन् तिला दाखवली. "हे पोट साफ व्हायची हाय. कोनी कायबी म्हनो, हे बंद करू नोको, बाई. दिव्यानंतर, झोपाच्या आंधी."